साताऱ्यात पहिला डोंगरमुक्काम: टेंट शेवटी घ्या, आधी बाकीचं बघा

दिवाळीचा फराळ संपत आला की ओळखीतल्या पोरांचे फोन सुरू होतात. टेंट कुठला घेऊ, चाकू कुठला घेऊ, ती घासल्यावर ठिणगी पडणारी कांडी खरंच चालते का. मी विचारतो जागा ठरली का, तर म्हणे बघू की तिथं गेल्यावर. पाणी कुठंय? मिळंल की राव, डोंगरात पाणी नसतंय व्हय. म्हणजे सगळा कारभार उलटा. सातारा जिल्ह्यात डोंगरात एक रात्र काढायला लय काही लागत नाही, पण जे लागतं त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी दिवस, मग जागा, मग पाणी, मग घरच्यांना सांगणं, आणि हे सगळं जमलं की मग सामान. टेंट सगळ्यात शेवटी, आणि पहिल्यांदा जाताना तर तो भाड्यानं नाहीतर मित्राकडून मागून आणलेला बरा.

त्याच्याही आधी एक काम. घराच्या टेरेसवर एक अख्खी रात्र त्या टेंटमध्ये झोपा. हसू नका. अंधार पडल्यावर, डोक्याला टॉर्च लावून, यूट्यूब न बघता टेंट उभा करायचा, आणि मग पहाटेपर्यंत आतच राहायचं, गार वाजलं म्हणून खाली पळायचं नाही. टेरेसवर खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून लोक कंटाळा करतात, पण आपल्याकडच्या सड्यावर पण खुंट्या जात नाहीतच, वर चार बोटं माती आणि खाली सरळ कातळ. तिथं दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्या लागतात, तर इथं विटांना बांधा, सवय होईल. म्हणूनच खुंट्यांशिवाय स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घुमटासारखा टेंटच घ्यायचा, आणि जास्तीची आठ-दहा मीटर दोरी सोबत ठेवायची.

टेरेसवर थंडीचा पण अंदाज येतो. ढोबळ हिशेब असा की हजार मीटर वर चढलं की साधारण साडेसहा डिग्रीनं हवा गार होते. कासचं पठार शहरापेक्षा साधारण पाचशे मीटर उंच, म्हणजे सरळ तीन डिग्री कमी धरा, वर वारा वेगळा. डिसेंबरात टेरेसवरच हुडहुडी भरली असेल तर वर काय होणार ते कळलं.

आता दिवस कुठला. नवख्या माणसानं नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य एवढंच बघावं. पावसाळ्यात मुक्काम नको, धुकं, जळवा, निसरडं, ओढ्यांना अचानक येणारं पाणी, आणि सगळं ओलं असताना झोप लागत नाही ते वेगळंच. कासला फुलांचा सीझन सप्टेंबर-ऑक्टोबरला असतो पण तेव्हा तिथं ऑनलाइन बुकिंग करून दिवसा बघून यायचं असतं, पठारावर टेंट टाकायचा विषयच नाही. फेब्रुवारीनंतर गवत वाळून कडक होतं आणि वणव्याची भीती सुरू होते. आणि एप्रिल-मे मध्ये वळीव.

वळवाबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण लोक बिबट्याला घाबरतात आणि विजेला घाबरत नाहीत. आपली पठारं म्हणजे मैलोनमैल उघडी, झाड नाही का घर नाही, त्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही आणि तुमचा टेंट. टेंटमध्ये बसलं म्हणजे विजेपासून वाचलं असं अजिबात नाही. वीज दिसली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सामान तिथंच टाकून गाडीत जाऊन काचा लावून बसा नाहीतर पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. जवळ गाडी पण नाही आणि घर पण नाही तर माथा सोडून खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका, एकमेकांपासून लांब लांब होऊन पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, आसपास वीज पडतेय का ते दाखवतं, फुकट आहे, आजच टाकून ठेवा. पण पठारावर रेंज गेली की अ‍ॅप मुकं, म्हणून ते सेकंद मोजणं पाठ पाहिजेच.

जागेचं आता. पहिला प्रश्न, तिथं रात्री राहायला परवानगी आहे का. वासोटा किल्ल्यावर जायचंय आणि वरच झोपायचंय असं दर वर्षी कोणीतरी म्हणतंच. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, आणि कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. कोयना जलाशयाच्या काठच्या बामणोलीतनं वनखात्याची परवानगी काढून लाँचनं पलीकडं जायचं, वर जाऊन यायचं आणि संध्याकाळच्या आत परत लाँचमध्ये. मुक्काम नाही म्हणजे नाही. सांगलीकडनं चांदोलीला जाणाऱ्यांना पण हेच. वनखात्याच्या हद्दीत कुठंही आधी वनरक्षकाला नाहीतर रेंज ऑफिसला विचारायचं, आणि खाजगी रानात शेतमालकाला. डोंगर काय कुणाच्या बापाचाय का असं म्हणणारी मंडळी असतात, पण बहुतेक डोंगर कुणा ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतोच, आणि विचारलं की शक्यतो कोणी नाही म्हणत नाही, उलट सकाळी चहाला बोलावतात.

माझं मत विचाराल तर पहिली रात्र तापोळा-बामणोलीकडं शिवसागरच्या, म्हणजे कोयना जलाशयाच्या, काठाला लोकांनी शेतात टेंटची सोय केलीय तिथं काढा. संडास आहे, पाणी आहे, रात्री काय झालं तर हाक मारायला माणूस आहे. यात कमीपणा काही नाही. टेंटचंच भय वाटत असेल तर सज्जनगडावर भक्तनिवासात एक रात्र राहा, पहाटे उठून वारा काय असतो ते गडावरनं बघा, उरमोडी धरणाचं पाणी खाली दिसतं. आणि दुसरीकडं चाळकेवाडीचं पठार. तिथं पवनचक्क्या उगीच लावल्यात का? तरी लोक बरोबर तिथंच टेंट लावणार आणि रात्री दोन वाजता काठ्या मोडल्या म्हणून गाडीत येऊन झोपणार.

जागेवर दुपारी चारच्या आत पोचा, कारण जागा उजेडातच कळते. वाऱ्याला आडोसा बघा, पण कड्याच्या अगदी पायथ्याला नको, वरनं वानरं दगड पाडतात. कोरडा ओढा झोपायला मऊ आणि सपाट वाटतो म्हणून त्यात झोपू नका, वर कुठंतरी पाऊस झाला की इथं आभाळ मोकळं असताना पाणी येतं. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर कधीच नाही, पाणी कधी सोडतील ते आपल्या हातात नसतं. धरणाच्या काठाला राहायचं असेल तर पाण्यापासून चांगलं वर, आणि पोहायला उतरायचं नाही. वरनं शांत दिसतं पण काठाचा गाळ पाय धरून ठेवतो आणि जुन्या बांधांवरनं, विहिरींवरनं एकदम खोल होतं. गुडघ्याएवढं गवत असलेली जागा सोडा. आणि टेंट उघडायच्या आधी मान वर करून कड्याला, मोठ्या झाडाला आग्या मोहोळ लटकलंय का ते बघा, असेल तर मुकाट्यानं दुसरी जागा.

पाणी. माणशी चार लिटर घरनंच न्या, तीन प्यायला आणि एक स्वयंपाकाला. झरा आहे, टाकं आहे असं कोणी सांगितलं तरी न्या, कारण जानेवारीनंतर निम्मे झरे आटतात आणि टाक्यात बेडूक असतात. बाहेरचं पाणी प्यायची वेळ आलीच तर फडक्यानं गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या, आपल्या उंचीला तेवढं पुरतं. क्लोरीनचे थेंब न्यायचे असतील तर बाटलीवर लिहिलंय तेवढेच टाका आणि अर्धा तास थांबा. एक गोष्ट मात्र उकळून जात नाही, ती म्हणजे औषध फवारणी. वाई-पाचगणीकडं स्ट्रॉबेरीच्या रानाखालचा ओढा असो का खाली उसाच्या पट्ट्यातला पाट, ते पाणी भांडी धुवायला पण नको.

घरच्यांना सांगणं म्हणजे "चाललोय रे मित्रांबरोबर" नाही. एक मेसेज लिहा: कुठलं गाव, गावापासनं कुठल्या बाजूला, कोण कोण, गाडीचा नंबर, उद्या किती वाजता रेंजमध्ये येणार आणि त्या वेळेनंतर किती तास वाट बघून कुणाला फोन करायचा. जाताना शेवटच्या वस्तीवर पण सांगा, एखाद्या काकांना नाहीतर मावशींना, की आम्ही चौघं अमक्या टेकाडावर आहोत. शोध घ्यायची वेळ आली तर पहिले तेच निघतात आणि वाट त्यांनाच माहिती असते. रेंज नसलेल्या भागात फोन सारखा टॉवर शोधत बॅटरी खातो, म्हणून एअरप्लेन मोडवर टाका. ११२ नंबर मात्र लक्षात ठेवा, तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर तो लागू शकतो. अँब्युलन्सला १०८.

आता सामान, ज्याच्यासाठी तुम्ही आला होता. सगळ्यात जास्त लक्ष अंगाखालच्या गोष्टीकडं द्या. लोक पांघरायला तीन-तीन गोष्टी नेतात आणि खाली एक चादर, आणि मग रात्रभर कुडकुडत जमीन किती गार म्हणतात. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. खाली मेणकापड, त्यावर फोमची मॅट, मॅट नसेल तर घडी केलेली गोधडी, आणि वर स्लीपिंग बॅग किंवा दुसरी गोधडी. माण-खटावकडचं मेंढीच्या लोकरीचं घोंगडं घरात असेल तर नशीबवान आहात, टोचतं थोडं पण दवाला दाद देत नाही. झोपताना कोरडे मोजे आणि कानटोपी, दिवसभर घामेजलेला टीशर्ट घालून झोपू नका. टेंटची वरची जाळी थोडी उघडी ठेवा, बंद करून झोपलं की श्वासाचंच पाणी आतल्या बाजूनं गळतं आणि लोकांना वाटतं टेंट लीक आहे.

उजेडाला डोक्याची टॉर्च, माणशी एक, मोबाईलचा उजेड धरू नका. शिट्टी माणशी एक. काडेपेटी प्लास्टिकच्या डबीत आणि एक लायटर, झालं तुमचं आग पेटवायचं शास्त्र, ठिणगीची कांडी हौस म्हणून न्या. चाकू कांदा कापण्यापुरता. प्रथमोपचारात पट्ट्या, बँडेजचा रोल, ओआरएसच्या पुड्या, रोजच्या गोळ्या. ओआरएस संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा छोटा.

शेकोटीवर माझं कोणाशी पटत नाही. पठारावर शेकोटी नको, बस. वाळलेलं गवत, वर वारा, एक ठिणगी उडाली की अख्खा डोंगर काळा होतो आणि त्यात जनावरं, किडे, पाखरांची अंडी सगळं जातं, आणि राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. शेतमालकाची चूल असेल तर तिथं पेटवा, निघताना पाणी ओतून, राख ढवळून, वर हात धरून गार झालीय का बघा. नाहीतर छोटा गॅस स्टोव्ह न्या. आणि हे नीट वाचा: गॅस, शेगडी, कोळशाची पाटी, काहीही टेंटच्या आत पेटवायचं नाही आणि विझत आलेले निखारे ऊब म्हणून आत घ्यायचे नाहीत. त्यातनं कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. थंडी फारच वाजली तर बाटलीत गरम पाणी भरून पायाशी घ्या.

जेवणाचं फार डोकं लावू नका. पहिल्या रात्री घरनं बांधून आणलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. सकाळी पोहे नाहीतर मॅगी. मध्ये गूळ-शेंगदाणे. बिर्याणी करायला जाल तर पाणी पण संपतं आणि भांडी कोण घासणार यावर मैत्री पण. खरकटं आणि पिशव्या टेंटमध्ये ठेवू नका, उंदीर येतात, आणि उंदराच्या मागं साप. हे सगळं डिकीत जाऊ दे. चपला-बूट मात्र आत, वस्तीवरची कुत्री पळवतात. सकाळचा विधी पाण्यापासनं कमीत कमी सत्तर-ऐंशी पावलं लांब, वीतभर खड्डा करून, वरनं माती.

रात्रीच्या सापाबद्दल माहिती पाहिजे, भीती नको. आपल्याकडं चार विषारी साप जास्त त्रासाचे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. फुरसं कातळावर, दगडाखाली असतं, म्हणून टेंटसाठी दगड उचलताना आधी काठीनं हलवा मग हात घाला. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं कित्येकदा कळत पण नाही, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. म्हणजे उघड्यावर झोपलेला मित्र पहाटे पोटात दुखतंय आणि डोळे उघडत नाहीत म्हणाला तर ॲसिडिटीची गोळी देऊन झोपवू नका, थेट दवाखाना. टेंटची चेन कायम लावलेली ठेवायची ती याचसाठी, आणि बाहेर पडताना बूट झटकून घालायचे.

साप चावलाच तर चावलेला हात किंवा पाय हलवू द्यायचा नाही, काठी लावून सैल फडक्यानं बांधायचा जसं मोडलेल्या हाताला बांधतात, अंगठी-घड्याळ-पैंजण काढायचं, वेळ लिहून ठेवायची आणि उचलून गाडीपर्यंत न्यायचं, चालवायचं नाही. आवळून दोरी बांधणं, कापणं, चोखणं, बर्फ, यातलं काही नाही. साप मारून पिशवीत आणायची गरज नाही, डॉक्टर लक्षणं बघून लस देतात. मांत्रिकाकडं अर्धा तास घालवला तर तो अर्धा तास परत मिळत नाही. आदल्या दिवशीच बघून ठेवा की तुमच्या जागेपासनं सर्पदंशाची लस असलेला जवळचा सरकारी दवाखाना कुठला आणि रात्री तिथपर्यंत किती वेळ लागतो. जागा निवडताना हे गणित पण धरा.

गवा दिसला तर फोटोसाठी जवळ जाऊ नका, टॉर्च डोळ्यावर मारू नका, हळू मागं सरा आणि त्याला जायला वाट द्या. मधमाश्या उठल्या तर तोंड झाकून पळा, टेंट नाहीतर गाडीत शिरा, हात झटकत उभं राहिलं की जास्त चावतात. धूर आणि सेंट, या दोन गोष्टींनी त्या उठतात.

आणि वाट चुकली तर? रीलमध्ये सांगतात पाण्याच्या कडेनं खाली जा, गाव लागतं. सह्याद्रीत असं करू नका. पश्चिमेच्या बाजूला ओढा पाच-दहा मिनिटं गोड वाहतो आणि मग थेट कड्यावरनं कोकणात पडतो, आणि तुम्ही अशा जागी अडकता जिथनं खाली जाता येत नाही आणि मागं चढता येत नाही. वाट गेली असं वाटलं की थांबा, बसा, पाणी प्या. शेवटची ओळखीची खूण आठवत असेल आणि उजेड असेल तर तिथपर्यंत मागं जा. नाहीतर तिथंच आडोसा करा, उघड्यावर एखादं रंगीत कापड पसरा आणि तीन शिट्ट्या, मिनिटभर थांबून परत तीन. अंधारात एक पाऊल पण टाकू नका, थंडीनं एका रात्रीत हाल होतील पण कड्यावरनं पडलं तर विषय संपला.

परत आल्यावर टेंट उन्हात पूर्ण वाळवूनच घडी घाला, नाहीतर बुरशी येऊन वास मारतो. टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवा. आणि ती बॅग पूर्ण रिकामी करू नका. सांगलीला माझे पाहुणे आहेत, २०१९ आणि २०२१ च्या पुरात घर सोडायची वेळ आली तेव्हा टॉर्च, पाण्याची बाटली, मेणकापड, गोळ्या, काडेपेटी असंच सगळं लागलं, आणि ते शोधायला वेळ नव्हता. जून लागायच्या आत त्याच बॅगेत आधार-रेशनकार्डाच्या झेरॉक्स, थोडी रोख रक्कम, घरातल्यांची औषधं आठवड्याभराची आणि चार्ज केलेली पॉवरबँक झिपच्या पिशवीत घालून ठेवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटाला गेलं की इशारा असतो आणि ४५ फुटाला धोका, तुमचं घर पूरपट्ट्यात असेल तर ४० ऐकलं की बॅग दाराशी आणा. गॅसचा छोटा डबा तेवढा बॅगेतनं काढून गार जागी वेगळा ठेवा.